चेंबरचं पॅकिंग बदललं तरी गाडीखाली ऑइल पडतंय? मग हे बघा

लक्षणं अशी असतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी रुपयाएवढा काळपट डाग. बोट लावलं तर बुळबुळीत. चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राच्या) तळाला धूळ आणि ऑइल मिसळून बसलेला काळा लेप, आणि ड्रेन नटच्या टोकाला एक थेंब लोंबकळतोय. लांबून गाडी चालवून आलात की जळक्या ऑइलचा वास, कारण गळणारं ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडतं. दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिकवरची पातळी उतरते. आणि डोकं फिरवणारं लक्षण म्हणजे, पॅकिंग (चेंबर आणि इंजिनाच्या मधली, गळती रोखणारी पट्टी) बदलून आणलं, पंधरा दिवस खाली कोरडं ठणठणीत, आणि मग पुन्हा तोच डाग त्याच जागी.

हे शेवटचं ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय. मी मेकॅनिक नाही. माझी जुनी मारुती ८००, मेहुण्याची ऑम्नी आणि त्या दोघींच्या कीर्तीमुळे गल्लीतून आलेल्या आणखी काही गाड्या, एवढ्यांच्या खाली पाठ टेकून झालीय. ऑम्नीचं पॅकिंग तर मी एका पावसाळ्यात दोनदा बदललं. दोन्ही वेळा पॅकिंगचा काहीही दोष नव्हता.

चेंबर म्हणजे इंजिनाचा तळ. वर कुठेही ऑइल पाझरलं तरी ते ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या कडेपर्यंत येतं, कडेवरून फिरत सगळ्यात खालच्या बिंदूला जातं आणि तिथून टपकतं. कौलारू घरात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कौल फुटलेलं असतं स्वयंपाकघरावरचं आणि पाणी वाशावरून येऊन पडतं माजघरात. म्हणून खालची तपासणी एका क्रमाने करायची, फुकटातली आधी आणि चेंबर उतरवणं सगळ्यात शेवटी.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, आणि पुढच्या चाकांची जागा कागदावर पेनाने मांडून ठेवा. सकाळी दोन गोष्टी कळतात: काय पडतंय आणि कुठे पडतंय. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवं किंवा गुलाबी आणि किंचित गोडसर वासाचं असेल तर कूलंट, तो वेगळा विषय. (चाखून बघू नका, कूलंट विषारी असतं. आणि कुत्र्यामांजरांना त्या गोड वासाची ओढ असते, तेव्हा लगेच पुसून टाका.) गंधकासारखा उग्र दर्प आला तर गिअरचं ऑइल. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं आणि कागदावर पडलं की भोवती पिवळट तेलकट कडा पसरत जाते.

जागा लिहून ठेवायला सांगितलं त्याला कारण आहे. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात बरोबर त्याखाली पडत असेल तर गुन्हेगार वेगळा निघू शकतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

मग डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली, पट्टी एकदा पुसून पुन्हा घालून बघायची. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेवढ्यानेही सीलमधून ऑइल बाहेर पडू शकतं. ऑइल भरताना कॅन संपवायचाच या हिशोबाने ओतणारे पुष्कळ आहेत. ८०० ला जेमतेम तीन लिटर लागतं, तिथे अर्धा लिटर जादा हा किरकोळ प्रकार नाही. पट्टीचा वासही घ्या. पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल, किंवा ऑइल न घालता पातळी वाढलेली दिसली, तर गळती बाजूला ठेवा आणि गाडी दाखवा. ऑइल पातळ झालंय, बेअरिंगला त्याचा आधार उरलेला नाही.

ड्रेन नट आणि फिल्टर

ड्रेन नटखाली तांब्याचा, ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा वायसर असतो. तो एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं. सर्व्हिसिंगला तोच पुन्हा लावला जातो, नीट बसत नाही, मग नट आणखी आवळला जातो. अशा आवळण्यातून चेंबरच्या नटाचे आटे गेलेले मी तीन गाड्यांत पाहिलेत. नवा वायसर कटिंग चहाच्या भावात मिळतो. पुढच्या ऑइल बदलात तो घाला आणि गळती थांबते का बघा. आटे आधीच गेले असतील, म्हणजे नट फिरतोय पण घट्टच होत नाही, तर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. तो नट हायवेवर पडला तर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत इंजिनाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

फिल्टरचं म्हणाल तर जुना काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक. थंड इंजिनाला धरतं, दाब वाढला की भसाभसा गळतं. फिल्टर खोलून डोळ्यांनी खात्री करा. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकली की हाताने पाऊण ते एक फेरा. पाना लावून फिल्टर घट्ट करणाऱ्याच्या हातात पुढच्या वेळी तो फुटूनच येतो.

आता इंजिन धुवायचं, आणि पावडर

बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. मीही गाळली होती.

काळ्या लेपाने माखलेल्या इंजिनात गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊलखुणा शोधणं. आधी सगळं स्वच्छ पाहिजे. थंड इंजिनावर डिग्रीझर फवारा, ब्रशने घासा, पुसून काढा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि वायरिंगचे कप्लर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवा. प्रेशरचं पाणी थेट मारू नका. नंतर चांगलं वाळू द्या.

वाळल्यावर साधी टाल्कम पावडर घ्या. मी जुन्या टूथब्रशवर पावडर घेऊन अंगठ्याने केस ओढून उडवतो, रांगोळी भुरभुरावी तशी पातळ. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या) कडेपासून सुरू करून ब्लॉकच्या बाजूने खाली चेंबरच्या कडेपर्यंत. इंजिन पांढरं दिसायला लागलं की पंधरावीस किलोमीटर फिरून या, मग टॉर्च घेऊन बघा. कोरड्या पावडरीत ओली रेघ उठलेली असते. ती रेघ खालून वर बोटाने धरत जायची. जिथे रेघ संपते, म्हणजे ज्याच्या वर पावडर कोरडीच आहे, तिथे गळती.

ऑम्नीच्या बाबतीत ती रेघ चेंबरच्या कडेवरून वर गेली, ब्लॉकवरून वर गेली, आणि टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलल्याशिवाय टॅपेट कव्हर दिसत नाही, आणि गाडी जॅकवर चढवलेला माणूस सीट कशाला उचलेल? मी दोनदा उचलली नव्हती. कव्हरचं रबर दाबून बघितलं तर बांगडीसारखं कडक, वाकवल्यावर तडकलं. नवं पॅकिंग घालायला अर्धा तास लागला. त्याआधी चेंबरसाठी माझे दोन रविवार गेले होते.

रेघ टॅपेट कव्हरला न जाता ऑइल प्रेशर स्विचपाशी संपली, तर स्विच बदलायचा. त्याच्या वायरची टोपी काढल्यावर आत ऑइल दिसलं की पक्कं समजा. ऑइल स्विचच्या पोटातून येतंय, बाहेरून कितीही सीलंट फासा. कार्ब्युरेटरच्या जुन्या ८०० आणि ऑम्नीत हेडच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर बसवलेला असतो, तिथूनही पाझरतं. ते ओघळून गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं आणि सगळ्यांना वाटतं मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्ट गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथली रबरी रिंग) गेलं. सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे असा सल्ला मिळाला की आधी पावडर लावून बघा.

ब्रीदर चोंदलाय का

नवं पॅकिंग थोड्या दिवसांत पुन्हा गळायला लागतं त्याचं हे एक मोठं कारण, आणि तेच सगळ्यात कमी तपासलं जातं. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरकडे येतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते, काही गाड्यांत तिच्यावर पीसीव्ही व्हॉल्व्ह (तो गॅस इंजिनात परत ओढू देणारी झडप). नळी काळ्या गाळाने चोंदली की आत दाब साठतो आणि तो जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतो. पॅकिंग बदलून ती जागा बंद केली तर तो दुसरी शोधतो.

नळी काढा, फुंकून बघा, पेट्रोलने धुवून वाळवा. पेट्रोल उघड्यावरच वापरायचं आणि शेजारी कोणी विडी ओढत नाही ना हे बघून. मग इंजिन आयडलला ठेवून ऑइलची टोपी सैल करा. थोडी वाफ, थोडी फडफड चालते. टोपी उडत असेल आणि ठसके देत धूर येत असेल, तर मेकॅनिक लोक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. इथे थांबा. कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि मग इंजिनाच्या कामाचा निर्णय करा. अशा इंजिनाला नवं चेंबर पॅकिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

चेंबरचे बोल्ट: आवळा, पण हात आखडता ठेवून

रेघ खरंच चेंबरच्या कडेला सुरू होत असेल तर आधी बोल्ट बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत ते सहा मिलिमीटरचे, १० नंबरच्या गोटीचे (सॉकेटचे) असतात. त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, जेमतेम १० एनएमच्या (न्यूटन मीटर) आसपास, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. १० एनएम म्हणजे रॅचेटचं डोकं मुठीत धरून मनगटाने फिरवण्याइतका जोर. रॅचेटचा दांडा शेवटाला धरून ओढलात की तुम्ही कधीच पुढे निघून गेलात.

इथे गंमत अशी की जास्त आवळल्याने गळती वाढते. अशा गाड्यांत चेंबर पत्र्याचा असतो. बोल्ट दाबला की भोकाभोवतीचा पत्रा वर फुगतो, आणि दोन बोल्टांच्या मधली कड खाली राहते. पॅकिंग बोल्टाखाली चिरडतं आणि मधे सैल. म्हणून सैल बोल्ट सापडले तर तेवढेच टॉर्कला आणा, आठवडाभर बघा. सगळे घट्ट असूनही गळतंय तर आणखी आवळण्यात अर्थ नाही.

चेंबर उतरवण्याआधी हे ठरवा

गाडीखाली वाकून बघा. चेंबरचे सगळे बोल्ट दिसतायत आणि पान्याला पोचतायत का? ८०० सारख्या गाडीत सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगची खालची प्लेट बाजूला केली की काम होतं. पुष्कळ नव्या गाड्यांत चेंबरच्या आडवी सबफ्रेम (इंजिनाखालची जाड लोखंडी चौकट) येते. ती उतरवायची तर इंजिन वरून पेलून धरावं लागतं आणि स्टिअरिंगचे जोड सुटतात. ते घरचं काम नाही. तसंच गाडी वॉरंटीत असेल, रेघ टायमिंग बेल्टच्या कव्हरमधून येत असेल, किंवा पावडर-चाचणी नीट करूनही ऑइल गिअरबॉक्सच्या जोडातूनच येत असेल, तर व्यावसायिक मेकॅनिककडे द्या. टायमिंगचा एक दात चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

आणि जॅक. गाडीच्या टूलकिटमधला जॅक हा पंक्चर काढण्यापुरता. त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अचानक फुटतात. सपाट पक्की जमीन, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक, आणि दोन लोखंडी जॅक स्टँड. खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. स्टँड नसतील तर हे काम करू नका.

उतरवणं आणि बसवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑइल कोमट असताना सोडा, उकळतं नको. सायलेन्सरचा पाइप पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा, त्याचे गंजलेले नट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट काढताना शेवटचे दोन समोरासमोरचे थोडे अडकवून ठेवा, म्हणजे चेंबर आणि उरलेलं ऑइल तोंडावर येणार नाही. माझ्या आलं होतं.

चेंबर चिकटून बसला असेल तर कडेला रबरी हातोड्याने टपटप करा, मग पातळ पट्टी सरकवा. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. ब्लॉकच्या कडेवर ओरखडा पडला तर तो कुठलंही पॅकिंग भरून काढत नाही.

उतरवलेला चेंबर उलटा करून बघा. स्पीडब्रेकरला घासून तळ आत गेलाय का? आतली ऑइल शोषणारी जाळी तळापासून थोड्याच अंतरावर असते. पोचा आला की ते अंतर मिटतं आणि पंपाला ऑइल पुरत नाही. असा चेंबर ठोकून सरळ करा किंवा नवा घ्या. तडा असेल तर एमसील लावून घरापर्यंत येता येतं, त्याच्या पुढे नाही. तळात चमकणारे धातूचे कण दिसले, बोटावर चांदीसारखी भुकटी आली, तर बसवू नका. तो चेंबर तसाच घेऊन मेकॅनिकला दाखवा, बेअरिंगचं काम निघालंय.

आता या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता भाग. स्टीलची पट्टी चेंबरच्या कडेवर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. प्रत्येक भोकापाशी पत्रा वर आलेला दिसेल. हेच ते जुनं आवळणं. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि गोल डोक्याच्या हातोडीने भोकाभोवती हलके ठोके देत पुन्हा सपाट करा. मला ८०० ला पाऊण तास लागला. बोल्टांची भोकं दोन डझनांपेक्षा कमी असली तरी प्रत्येकाचा हट्ट वेगळा. ही पायरी न करता घातलेलं पॅकिंग नवं असलं तरी जुन्यासारखंच वागतं.

दोन्ही कडा खरवडून थिनरने पुसा, तेलाचा अंश राहता कामा नये. बोल्टांची भोकंही साफ करा. आत ऑइल साचलं असेल तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात ऑइलवर टेकलेला असतो. कॉर्क किंवा रबरचं पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवतात, फक्त पुढचं ऑइल पंपाचं कव्हर आणि मागचं सीलचं घर जिथे ब्लॉकला जोडतं त्या कोपऱ्यांत सीलंटचा ठिपका द्यायचा. काही इंजिनांना पॅकिंगच नसतं, नुसतं सिलिकॉन. तिथे इंजिन ऑइलला टिकणारंच घ्या, तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड थर लावू नका. जादा सिलिकॉन आत ढकललं जातं, तुटतं आणि थेट त्या जाळीवर जाऊन बसतं.

खाली झोपून चेंबर वर नेताना पॅकिंग घसरतं. चार भोकांतून साधा शिवणाचा दोरा घालून पॅकिंग चेंबरला बांधा. बाकीचे बोल्ट हाताने लागले की दोरा कापून ओढून काढायचा. आमच्याकडे पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आता गॅरेजच्या डब्यातच असतं, घरच्यांनी मागणं सोडून दिलंय.

सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन फेऱ्यांत टॉर्कला. बोल्ट फिरतोय पण धरत नाही, तर तिथेच थांबा. ब्लॉकमधले आटे गेलेत, हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवणाऱ्याला बोलवा.

सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, मी रात्रभर ठेवतो. नवा फिल्टर, नवा वायसर, ऑइल. बॅटरी जोडून इंजिन सुरू करा आणि रेस न करता लाल दिव्याकडे बघा. काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंद झाले तरी विझला नाही तर लगेच बंद, आणि टो करून न्या. चालवत नेऊ नका.

वर्तमानपत्र आठवडाभर रोज पसरा. पहिल्या दोन दिवसांत एखादा बारीक ठिपका येतो, पाइपवर आणि क्रॉसमेंबरवर सांडलेलं ऑइल उतरत असतं. कॉर्क असेल तर काहीशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर बोल्ट एकदा टॉर्कला तपासून घ्या, ते दबून सैल होतात.

जुनं ऑइल बंद कॅनमध्ये भरून, ते शुद्धीकरणाला पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. वाळवीसाठी लाकडाला फासायला म्हणून शेजारी मागायला येतील. द्यायचं तर विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब वापरा एवढं सांगून द्या. मी हल्ली देत नाही.